दुपारी झोपणारा कॉम्प्युटर

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती नाशिकच्या कॅनडा कॉर्नरजवळच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात. मालक माझ्या वडिलांच्या ओळखीचे, म्हणून मी त्यांना काका म्हणायचे. ते आधी टीव्ही आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. दोन हजार सालाच्या आसपास नाशकात जो तो कॉम्प्युटर घ्यायला लागला, तेव्हा काकांनी दुकानाची पाटी बदलली. स्वतः मात्र ते फारसे बदलले नाहीत. कॉम्प्युटर बंद पडला की आधी टीव्हीला मारायचे तशी त्याला बाजूने एक थाप मारून बघायचे, आणि त्यानं भागलं नाही तर मला हाक मारायचे.

माझ्याकडे मुख्य काम होतं एसएमपीएसचं. कॉम्प्युटरच्या डब्यात मागे वरच्या कोपऱ्याला एक पत्र्याची चौकोनी पेटी असते. भिंतीतली वीज तिच्यात शिरते आणि कॉम्प्युटरला झेपेल इतकी सौम्य होऊन रंगीत वायरींमधून बाहेर पडते. कागदोपत्री तिला पॉवर सप्लाय म्हणतात. आमच्या धंद्यात सगळे एसएमपीएसच म्हणायचे, आणि एखाद्या गिऱ्हाइकानं त्या अक्षरांचा अर्थ विचारला की काका चहा मागवायचे.

ही पेटी तपासायची एक सोपी पद्धत होती. ती कॉम्प्युटरमधून सोडवायची, तिच्या हिरव्या आणि काळ्या वायरीच्या भोकांत एक यू-पिन वाकवून घालायची आणि बटण दाबायचं. आतला पंखा फिरला की पेटीत जीव आहे. मग मल्टिमीटरच्या काड्या लावून आकडे बघायचे. आकडे ठीक, तर पेटी ठीक. ही तपासणी करताना माझ्या चेहऱ्यावर म्हणे नाडी बघणाऱ्या वैद्याचा भाव यायचा. असं काका म्हणायचे, आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे.

एके दिवशी सकाळी सटाण्याहून दोघं आले. एक पन्नाशीचे, पांढरी टोपी घातलेले कांद्याचे व्यापारी. त्यांच्यामागे त्यांची सून. तिच्या कडेवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. मला वाटलं मूल आहे, म्हणून मी पंखा जरा कमी केला. तिनं चादर सोडली तर आतून सीपीयू निघाला. एसटीत धक्के बसू नयेत म्हणून तो तिनं सटाण्यापासून नाशिकपर्यंत मांडीवर आणला होता.

सून नाशिकच्याच कॉलेजात शिकलेली. सासऱ्यांच्या पेढीचं काम कॉम्प्युटरवर आणायचं हा तिचाच हट्ट. घरात बऱ्याच चर्चा होऊन तो हट्ट पुरा झाला होता, त्यामुळे आता यंत्रात बिघाड निघाला की सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळत होत्या.

मी विचारलं, तक्रार काय आहे.

शेठ म्हणाले, "हाऊ दुपारले झोपस."

त्यांच्याकडची अहिराणी मला तेव्हा नवीन होती. मी सुनेकडे पाहिलं. तिनं शांतपणे सांगितलं, "ताई, हा दुपारी झोपतो. म्हणजे जेवणं झाली की आपोआप बंद पडतो. कितीही बटण दाबा, उठत नाही. चहाच्या वेळेला पुन्हा चालू होतो."

मी रीतसर विचारलं की त्या वेळी लाइट जाते का. नाही, डोक्यावरचा पंखा फिरत असतो, ट्यूब चालू असते. मॉनिटर चालू राहतो का? तोही काळा होतो. त्यांचा मॉनिटर एसएमपीएसच्याच मागच्या सॉकेटवर जोडलेला होता, तेव्हाच्या पेट्यांना तशी सोय असायची. सगळ्या खुणा एकाच जागेकडे बोट दाखवत होत्या. यूपीएस आहे का, असंही मी विचारलं. त्यावर शेठ म्हणाले की लाइट गेली तर हिशेब थांबेल, पळून थोडाच जाणार आहे.

मी पेटी सोडवली, यू-पिन घातली. पंखा फिरला. आकडे अगदी पुस्तकात असतात तसे आले. आतली धूळ झटकली, जुन्या मेलेल्या झुरळाला बाहेर काढलं आणि ते झुरळच गुन्हेगार असावं असं काकांनी जाहीर केलं. शेठना पटलं. सुनेनं चादर पुन्हा गुंडाळली आणि दोघं परत गेले.

पुढच्या आठवड्यात दोघं पुन्हा दारात. झुरळ नसतानाही कॉम्प्युटर झोपत होता.

आता माझ्या वैद्यकीचा प्रश्न होता. मी विचार केला की आपण ही पेटी रिकामी फिरवून बघतो. डोक्यावर पाटी नसलेला हमाल ताठच चालणार. ओझं दिल्याशिवाय खरं काय ते कळणार नाही. काकांना सांगितलं तर ते म्हणाले की टीव्हीच्या जमान्यात ते बल्ब लावून बघायचे. मग मी नाशकातल्याच द्वारका चौकात गॅरेजवाल्यांकडे जाऊन जीपच्या हेडलाइटचे जुने बल्ब आणले, हीटरच्या कॉइलचे तुकडे आणले, आणि हे सगळं एका फळीवर बसवलं. पेटीच्या वायरी फळीला जोडल्या की बल्ब लागायचे, कॉइल लाल व्हायची आणि पेटीवर खरंखुरं ओझं पडायचं. आता मल्टिमीटरचे आकडे खाली घसरले की समजायचं, हिच्यात दम नाही.

फळी दिसायला गणपतीच्या आराशीतून चोरून आणल्यासारखी होती. काका खूष झाले. त्यांनी रंगाऱ्याकडून बोर्डच करून आणला: 'येथे एसएमपीएसची शास्त्रोक्त तपासणी केली जाईल.' मी म्हणाले, शास्त्रोक्त कशाला, शास्त्रीय तरी लिहा. काका म्हणाले की नाशकात लोकांना शास्त्रोक्त म्हटलेलं लगेच समजतं. ते खरंच ठरलं. बोर्ड लागल्यावर एका गृहस्थांनी आत येऊन विचारलं की याला मुहूर्त लागतो का.

सटाण्याची पेटी फळीला जोडली तेव्हा सगळ्यांच्या मनात एकच होतं, आता ही कधी झोपते. त्यासाठी पुन्हा बोलावलेले शेठ आणि सून समोरच्या बाकावर बसले. दुपार झाली. मी डबा फळीशेजारीच खाल्ला. बल्ब स्थिर, आकडे स्थिर, कॉइल लाल. बाहेर ऊन, आत कॉइलची धग. थोड्या वेळानं काकांची मान खाली गेली. मग शेठची टोपी कपाळावर आली. दुकानात फक्त ती पेटी, सून आणि मी जाग्या होतो. चहावाला आला तेव्हा तो दारातच थांबून म्हणाला, "काय ताई, गॅस गळला का काय?"

पेटी काही झोपली नाही. मी शेठना सांगितलं की ही चांगली आहे, बदलू नका. पण ते एवढ्या लांबून तिसऱ्यांदा आलेले, रिकाम्या हातानं परत जाणं त्यांच्या मनाला पटेना. ते म्हणाले, नवीन दे. काका तत्परतेनं उठले आणि शेल्फवरून दोन नव्या पेट्या काढून समोर ठेवल्या.

शेठनी दोन्ही पेट्या दोन हातांत घेतल्या. वर-खाली केल्या. डोळे मिटून पुन्हा केल्या. मग उजव्या हातातली पुढे केली.

"हाई जड शे. हाईच दे."

काकांचा चेहरा फुलला. ते मला म्हणाले, बघ, अनुभवी माणूस वजनावरून माल ओळखतो. आणि माझं म्हणणं तसं उलट नव्हतं. चांगल्या पेटीत तांब्याची जाड गुंडाळी असते, उष्णता ओढून घेणारे ॲल्युमिनियमचे पट्टे असतात, ती हाताला जड लागतेच. मी फक्त म्हणाले की बोर्ड लावलाच आहे तर फळीवर घालून देऊ. काका हो म्हणाले. त्या वेळी दुकानात आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं होती आणि काकांना फळी दाखवायची हौस होती.

मी वायरी जोडल्या. बटण दाबलं. बल्ब लागले, पण घासलेटच्या दिव्यासारखे पिवळे. कॉइल लाल व्हायचा विचारही करेना. मल्टिमीटरचा आकडा जिना उतरल्यासारखा खाली यायला लागला. मग आतून 'फट्' असा आवाज आला आणि पेटीच्या जाळीतून धुराची बारीक रेघ निघाली. ती रेघ सरळ वर जाऊन शास्त्रोक्त बोर्डाला लागली.

काकांनी पेटीला सवयीनं एक थाप मारली. मी वायर काढली, पेटी गार होऊ दिली आणि स्क्रू सोडले.

आत तांब्याची गुंडाळी होती सुपारीएवढी. ॲल्युमिनियमचे पट्टे डब्याच्या झाकणासारखे पातळ. आणि तळाशी, पत्र्याला चिकटवलेला, चांगला मुठीएवढा सिमेंटचा गोळा. ओला असताना कुणीतरी दाबून बसवलेला, कारण त्यावर अंगठा उमटलेला होता.

मी तो गोळा पेटीसकट शेठसमोर ठेवला. त्यांनी वाकून पाहिलं, बोटानं खरवडलं. मला वाटलं आता चिडणार. पण ते हसायला लागले. आधी पोटात, मग खांदे हलवून, मग टोपी काढून. सुनेला कळेना हसावं की नाही.

"आमना गोणीमा बी असंच निंघस," ते म्हणाले. त्यांच्याकडे येणाऱ्या कांद्याच्या गोण्यांमध्येही तळाशी ढेकळं आणि दगड निघायचे. ते ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि नाशकात येऊन त्यांनी स्वतःच्या हातानं दगडाची गोणी निवडली होती. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला, सहानुभूतीनं. फसवल्या गेलेल्या माणसानं दुकानदाराला धीर द्यावा असं दृश्य मी पुन्हा पाहिलं नाही.

काकांना ते फार लागलं. त्यांनी तो माल मुंबईच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून विश्वासानं आणला होता. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडच्या माणसानं आवाज न चढवता सांगितलं की सिमेंटचं तुम्ही मनाला लावून घेऊ नका, हलकी पेटी गिऱ्हाईक घेत नाही म्हणून घालावं लागतं. काकांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "शेल्फावरच्या सगळ्या उतरव."

दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही. एकेक पेटी फळीवर घालायची आणि काका लांब उभे राहून बघायचे. काही तगल्या. काही बल्ब पाहूनच मेल्या. एकीत सिमेंटऐवजी लोखंडी पट्टी निघाली, तिला काकांनी जरा मानानं बाजूला ठेवलं. जेवढ्या नापास झाल्या तेवढ्या खोक्यात भरून परत पाठवल्या, आणि तेव्हापासून दुकानात फळीवर पास झालेलीच पेटी विकायची असं ठरलं. शेल्फ ओकंबोकं दिसायला लागलं, पण गर्दी वाढली. लोक दुसऱ्या दुकानांतून घेतलेल्या पेट्या आमच्याकडे तपासायला आणायचे. एक बाई मिक्सर घेऊन आल्या. एकांनी इस्त्री आणली. काकांनी कुणालाही नाही म्हटलं नाही, त्यामुळे मला म्हणावं लागायचं.

त्याच दिवसांत घरी मला बघायला एक स्थळ आलं. मुलगी काय करते, असं विचारल्यावर वडिलांनी अभिमानानं सांगितलं की पॉवर सप्लाय तपासते. मुलाच्या मामांचे मालेगावात कापडाचे माग होते. ते एकदम सावरून बसले. त्यांचा समज झाला की मी वीज मंडळात अधिकारी आहे. पोहे बाजूला ठेवून त्यांनी मला विचारलं की माग ऐन भरात असताना लाइट जाते ती निदान आधी सांगून जाईल असं काही करता येईल का. मी म्हणाले, माझी वीज फार छोटी असते. त्यांना तो विनय वाटला. ते स्थळ पुढे सरकलं नाही. आईच्या मते त्यांना खरं कळलं म्हणून, माझ्या मते त्या आठवड्यात मालेगावची लाइट जास्तच गेली म्हणून.

इकडे सटाण्याचा कॉम्प्युटर आपली जुनी, पास झालेली पेटी घेऊन परत गेला होता आणि तिथे जाऊन नेमानं झोपत होता. सुनेचा फोन आला. तिचा आवाज रडवेला होता. घरात आता लोक म्हणायला लागले होते की यंत्राला सटाण्याचं पाणी मानवलं नाही. काका म्हणाले, "तू जाऊन डोळ्यांनी बघ. आणि यू-पिन बरोबर ने."

मी सीबीएस स्टँडवरून सकाळची एसटी धरली. देवळ्यापर्यंत उभी होते, नंतर जागा मिळाली. पेढीवर पोचले तर शेठ बाहेर लिलावाला गेलेले. पुढच्या दालनात गादी होती, आणि तिच्यावर शेठचे वडील बसलेले. ऐंशीच्या घरातले, ताठ पाठीचे, सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांच्या डोक्यावर भिंतीला देवाचा मोठा फोटो आणि त्यापुढे लाल बल्ब. मागे काचेची छोटी केबिन, तिच्यात सून आणि कॉम्प्युटर.

मी केबिनमध्ये बसले. कॉम्प्युटर छान चालत होता. सॉकेट पाहिलं, वायर ओढून पाहिली, मल्टिमीटर लावला. वीज उत्तम. सुनेनं घरून आणलेली बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत मला वाढलं. जेवण झालं. आम्ही दोघी पडद्याकडे टक लावून बसलो. आणि एकदम पडदा काळा झाला. डोक्यावरचा पंखा मात्र फिरत होता.

मी मल्टिमीटर सॉकेटला लावला. शून्य.

मी वळून काचेतून बाहेर पाहिलं. आबा गादीवर आडवे होत होते. हात नुकताच भिंतीवरच्या बटणावरून खाली येत होता. देवापुढचा लाल बल्ब विझला होता.

मी सुनेला तो बल्ब दाखवला. तिनं बल्बाकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, काळ्या पडद्याकडे पाहिलं, आणि पदर तोंडावर धरून खाली बसली. ती हसतेय की रडतेय हे मला बराच वेळ कळलं नाही. केबिन बांधताना वायरमननं सगळ्यात जवळची म्हणून देवाच्या बल्बची लाइन ओढून कॉम्प्युटरच्या सॉकेटला दिली होती. आबा रोज जेवून आडवे होताना देवाचा दिवा बंद करायचे आणि उठल्यावर लावायचे. केबिनमध्ये काचेकडे पाठ करून बसलेल्या सुनेला भिंतीवरचं बटण दिसायचं नाही, आणि आबांना केबिनमधला पडदा.

आता प्रश्न होता आबांना सांगायचं कोणी. सून म्हणाली की ती नाही सांगणार. तेवढ्यात शेठ आले, त्यांना सांगितलं, तर ते टोपी काढून म्हणाले की तेही नाही सांगणार. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी परकी होते, शिवाय संध्याकाळच्या एसटीनं जाणार होते.

आबा उठले, चूळ भरली, दिवा लावला. केबिनमध्ये कॉम्प्युटर गुरगुरत सुरू झाला. मी त्यांच्यासमोर बसून, जमेल तितक्या आदरानं, वायरीचा सगळा प्रवास समजावून सांगितला. त्यांनी तो डोळे बारीक करून ऐकला.

"दिवा जुना शे," ते म्हणाले. "मशीन आते उनं."

दिवा आधीपासूनचा, मशीन आत्ता आलेलं; त्यांचं बरोबर होतं. मग त्यांनी सांगितलं की यंत्र दुपारी थांबतं हे त्यांनी घरात ऐकलं होतं आणि त्यांना ते आवडलंही होतं. बैलालाही दुपारी सोडतात. पण त्यांच्यामुळे थांबत असेल तर ते चालायचं नाही. त्यांनी लगेच वायरमनला बोलावणं पाठवलं आणि तो येईपर्यंत देवाचा दिवा स्वतः राखत बसले, कोणी चुकून हात लावू नये म्हणून. वायरमननं लाइन वेगळी केली. काम एवढंसंच होतं.

सून मला स्टँडवर सोडायला आली. वाटेत ती फार बोलली नाही. एसटी लागल्यावर म्हणाली, "ताई, एक सांगू का? तो झोपायचा ना, तेवढाच वेळ मला मिळायचा. मासिक वाचायचे. आता तोही गेला."

कंडक्टरनं घंटी दिली.

दुकानात परतल्यावर काकांनी विचारलं, काय निघालं. मी सांगितलं. त्यांनी विचार करून विचारलं की हे आपल्या तपासणीत बसतं का. मी म्हणाले, फळीवर देवाचा दिवा लावायला जागा नाही. त्यावर त्यांनी दोन चहा मागवले.

काही महिन्यांनी शेठ दुसऱ्या कामासाठी नाशकात आले होते, तेव्हा दुकानात डोकावले. त्यांनी सांगितलं की सुनेनं एकदा आबांना केबिनमध्ये बसवून कॉम्प्युटरवरचा पत्त्यांचा खेळ दाखवला. आता जेवण झालं की आबा काठी टेकत केबिनमध्ये जातात आणि चहापर्यंत उठत नाहीत. त्या वेळात सूनबाई गादीवर बसून मासिक वाचते, आणि आबा खेळताहेत म्हटल्यावर कोणी तिला काही बोलत नाही. फक्त आबांची एक तक्रार होती, तीच सांगायला शेठ आले होते. पडद्यावरचे पत्ते फार बारीक आहेत, राजा आणि गुलाम सारखेच दिसतात.

मी सटाण्याला फोन लावला, सुनेला माउस कुठे न्यायचा, काय दाबायचं ते सांगितलं. पलीकडून आधी तिचा आवाज येत होता, मग मागून आबांचा. पत्ते मोठे झाले. राजा ओळखू आला.